एका गोळीत दोन औषधं कशासाठी?



गटांच्या बैठकांमध्ये एक वाक्य मी नेहमी ऐकते. ‘त्यांच्या अंगाला आता गोळ्यांची सवय झालीय, साधी गोळी लागूच पडत नाही.’ कुणी सासूबाईंच्या लघवीच्या जळजळीबद्दल असं म्हणतं, कुणी लेकराच्या कानाबद्दल. मग गोळी बदलते, मग इंजेक्शन, मग सलाइन, आणि शेवटी गटाच्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात आपण लिहितो, ‘दवाखाना’.

म्हणून आज हे ‘सवय होणं’ म्हणजे नक्की काय, ते समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगते. सवय आपल्या अंगाला होत नाही. औषध निकामी होतं ते जंतूच्या करामतीमुळे. कपाशीचं आठवून बघा. बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी मरायची. पुढे २०१७ साली विदर्भात याच अळीनं बोंडं पोखरून काढली. तेव्हा कपाशीला काही सवय झाली नव्हती, अळी बदलली होती. तसंच इथे आहे. आपण म्हणजे कपाशी, आणि बदलतो तो जंतू.

तो काय करतो, हे कळायला आपल्या घरातलीच एक गोळी हातात घेऊ. मेडिकलवाले जिला ‘सहाशे पंचवीसची गोळी’ म्हणतात, ती. पाकिटावर दोन नावं असतात. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम. पाचशे आणि एकशे पंचवीस मिळून सहाशे पंचवीस, हिशेब जुळला. आता गंमत बघा. जंतू मारायचं काम यातलं पहिलं औषध करतं. दुसरं औषध एकट्यानं जंतूला फारसं मारत नाही. मग ते घातलंय कशाला? या प्रश्नाच्या उत्तरात आजची सगळी गोष्ट आहे.

आज मी जंतू म्हणेन तेव्हा जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया समजा. जिवाणू हा एका पेशीचा जीव. पाचशे जिवाणू एका रांगेत लावले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल, एवढा बारीक. पण त्याला भक्कम भिंत असते. कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. उभ्या काठ्या, आडव्या काठ्या, आणि जागोजागी मारलेल्या गाठी. जंतूची भिंतही साखरेच्या लांब साखळ्यांची असते आणि त्या साखळ्या एकमेकींना गाठींनी बांधलेल्या असतात. गाठी मारायचं काम जंतूच्या अंगातली काही प्रथिनं करतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आठवतात. पण जंतूच्याच काय, आपल्याही शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. प्रत्येक प्रथिनाचा आकार ठरलेला, आणि आकाराप्रमाणे त्याचं काम ठरलेलं. या गाठ मारणाऱ्या प्रथिनाला आपण गवंडी म्हणू.

या गवंड्याच्या अंगावर एक खोबण असते. तिच्यात साखळीचं टोक येऊन बसतं, मग गाठ पडते. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातलं अमॉक्सिसिलिन यांचा आकार नेमका त्या टोकासारखा आहे. गवंडी फसतो. साखळीचं टोक समजून औषध खोबणीत घेतो, आणि ते त्याच्या हाताला कायमचं चिकटतं. गवंड्याचा हात अडकला, गाठी पडेनात. जंतू वाढायला बघतो, पण भिंत कच्ची. आत पाणी शिरतं आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध जंतूला मारतं आणि आपल्याला सोडतं. काहींना त्याची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी. ज्यांना असेल त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

इथेच आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. सर्दी-पडसं होतं ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे, म्हणजे व्हायरसमुळे. विषाणूला अशी भिंत नाही, तिथे गवंडीही नाही. मग औषधानं पकडायचं कुणाला? म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेऊन उपयोग होत नाही.

आता पेनिसिलिनच्या आकाराकडे वळू, कारण सगळा खेळ आकाराचा आहे. तो आकार जगाला दाखवला एका बाईनं. इंग्लंडमधल्या डोरोथी हॉजकिन यांनी. दुसरं महायुद्ध चालू होतं, जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिन हवं होतं, पण ते आतून कसं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. हॉजकिन यांनी १९४५ साली ते शोधून काढलं. त्यांच्या हातांना तरुणपणापासून संधिवात होता, घरी लहान मुलं होती. पुढे १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांनी हे पाहिलं कसं? भिंगातून एवढी बारीक वस्तू दिसत नाही. त्यासाठी आधी तिचे खडे करावे लागतात. खडीसाखर कशी करतात, माहीत आहे ना? घट्ट पाकात दोरा सोडून ठेवला की हळूहळू त्यावर खडे धरतात. खड्यात साखरेचे कण कवायतीतल्या मुलींसारखे ओळीनं उभे असतात. पेनिसिलिनचे असेच खडे करतात, प्रथिनांचेही करता येतात. मग त्या खड्यावर एक्स-रे सोडतात, हाड मोडल्यावर फोटो काढतात तेच किरण. खड्यातून ते किरण ठरावीक दिशांना फाकतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. एकट्या कणाचा ठसा दिसणार नाही. पण ओळीत उभे असलेले असंख्य कण एकदम बोलतात, तेव्हा तो उमटतो. दूरच्या डोंगरावर एका बाईनं टाळी वाजवली तर ऐकू येत नाही, सगळ्या सभेनं एका तालात वाजवली तर येते, तसंच. त्या ठिपक्यांवरून गणित मांडून कोणता अणू कुठे बसलाय ते काढता येतं.

हॉजकिन यांना पेनिसिलिनच्या मधोमध चार अणूंचा एक चौकोन सापडला. हा चौकोन ताणलेला असतो. टोपली विणताना बांबूची कांब जबरदस्तीनं वाकवून अडकवतो, सुटली की सटकन उघडते, अगदी तसा. गवंड्याच्या खोबणीत हा चौकोन उघडतो आणि त्याला चिकटतो. औषधाची सगळी ताकद या चौकोनात आहे. चौकोन आधीच मोडला, तर औषध म्हणजे नुसती पूड.

जंतूनं नेमकं हेच हेरलंय. काही जंतूंकडे गवंड्याच्याच घराण्यातलं एक वेगळं प्रथिन असतं. शास्त्रज्ञ त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात, आपण कात्री म्हणू. ती औषधाचा चौकोन कापते. नवल म्हणजे ही कात्री आपण औषधं खायला लागल्यावर निर्माण झाली असं नाही. ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी डिसेंबर १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं की, काही जंतूंमध्ये पेनिसिलिन मोडणारा पदार्थ आहे. तोवर पेनिसिलिन दवाखान्यात आलंही नव्हतं. मातीत बुरशी आणि जंतू यांची भांडणं पूर्वापार चालू आहेत. बुरशी पेनिसिलिन सोडते, जंतू कात्री काढतात. शस्त्रं जुनीच आहेत. आपण औषधांचा मारा वाढवला आणि कात्री असलेल्या जंतूंना रान मोकळं करून दिलं.

ही कात्री औषध पकडते कशी, तेही खड्यांमधून कळलं. त्यातली टीईएम-१ नावाची एक कात्री १९६०च्या दशकात ग्रीसमधल्या एका रुग्णाच्या जंतूत सापडली आणि मग जगभर दिसू लागली. ती एका सेकंदात पेनिसिलिनचे हजारभर कण कापू शकते. एवढ्या झपाट्यात चाललेल्या कामाचा फोटो घ्यायचा कसा? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी, त्यात नॅटली स्ट्रिनाडका याही होत्या, १९९२ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. प्रथिन ही मण्यांची माळ असते. त्यांनी या कात्रीतला एकच मणी बदलला. त्यामुळे कात्री औषध पकडू शकत होती, पण सोडू शकत नव्हती. तिला पेनिसिलिन दिलं, खड्यावर एक्स-रे टाकले, आणि कणसासकट पकडलेल्या चोरासारखी ती पेनिसिलिनसकट सापडली.

त्या फोटोत काय दिसलं? कात्रीची खोबण गवंड्यासारखीच. औषध तिथेही तसंच बसतं, चौकोन तसाच उघडतो, औषध तसंच चिकटतं. इथपर्यंत दोघांचं सारखं. पण कात्रीच्या खोबणीत पाण्याचा एक कण अगदी योग्य जागी धरून ठेवलेला असतो. तो कण चिकटलेल्या औषधावर घाव घालतो, औषध मोडलेल्या अवस्थेत सुटतं आणि कात्री पुढच्या कणासाठी मोकळी. गवंड्याकडे हा पाण्याचा कण अशा जागी नाही, म्हणून तो अडकून पडतो. फरक एवढासाच. पण त्या एवढ्याशा फरकावर रुग्ण घरी येणार की नाही हे ठरतं.

आता आपली सहाशे पंचवीसची गोळी. यातलं क्लॅव्हुलॅनिक ॲसिड १९७०च्या दशकात मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालं. तेही पेनिसिलिनसारखं दिसतं, त्यातही तो ताणलेला चौकोन आहे. कात्री हपापून त्याला धरते, चौकोन उघडतो, पण मग ते आतल्या आत असं रूप बदलतं की कात्रीला सोडवता येत नाही. डिंकाची वडी दातांत बसावी तशी कात्रीची पाती चिकटून बसतात. तेवढ्यात शेजारचं अमॉक्सिसिलिन गवंड्यापर्यंत पोचतं आणि आपलं काम करतं. म्हणजे ५०० लढणारे आणि १२५ ढाल धरणारे. ही जोडगोळी १९८१ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली. एका गोळीत दोन औषधं का, त्याचं उत्तर हे.

पण जंतू इथे थांबले नाहीत. टीईएम कात्रीची दोनशेहून जास्त रूपं आता सापडली आहेत. काहींमध्ये एखाददुसराच मणी बदललेला असतो, पण त्यानं खोबण रुंद होते आणि पूर्वी न मावणारी मोठी औषधं, सेफोटॅक्सिमसारखी इंजेक्शनं, त्यातही मावतात, कापली जातात. लघवीच्या संसर्गात साध्या गोळ्या हरतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. या रुंद कात्र्यांवरही उतारे निघत आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टम या उताऱ्याला जोडऔषधासह २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणि एक कात्री तर वेगळ्याच घराण्यातली आहे. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला की, राखून ठेवलेली कार्बापेनेम इंजेक्शनंही त्याला लागू पडेनात. त्या रुग्णावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते. म्हणून कात्रीचं नाव पडलं ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-१. नावात दिल्ली आली म्हणून आपल्याकडे नाराजीही झाली. २०११ मध्ये तिचे खड्यांतले फोटो प्रसिद्ध झाले. एकात तर मोडलेलं औषध, ॲम्पिसिलिन, खोबणीतच बसलेलं दिसतं. या कात्रीत जस्ताचे दोन अणू शेजारी शेजारी असतात. त्यांनी धरलेलं पाणी थेट औषधाच्या चौकोनावर घाव घालतं. औषध कात्रीला टीईएमसारखं चिकटतच नाही. म्हणून क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा डिंक इथे चालत नाही. शिवाय खोबण उथळ आणि मोकळी, वेगवेगळ्या आकारांची औषधं तिच्यात बसतात. (जस्त म्हणजे झिंक हे ऐकून कुणी जुलाबात लेकराला दिली जाणारी झिंकची गोळी बंद करू नका. त्या गोळीचा आणि या कात्रीचा काही संबंध नाही. ती गोळी बाळाला हवीच.)

सगळ्यात काळजीची गोष्ट अशी की, कात्री बनवायची कृती जंतू एकमेकांना देतात. आपण लोणच्याची कृती चिठ्ठीवर लिहून शेजारणीला देतो, तशी चिठ्ठी. एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ती देतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीतल्या नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले, त्यातल्या २ नमुन्यांत एनडीएम-१ची ही चिठ्ठी सापडली. रस्त्यावर साचलेल्या आणि वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये सापडली. म्हणजे ही गोष्ट फक्त मोठ्या दवाखान्यांची राहिलेली नाही. शौचालय, गटार आणि पिण्याचं पाणी यांच्याशी तिचा थेट संबंध आहे.

मग आपण काय करायचं? वरचं सगळं नीट ध्यानात असेल तर पुढच्या गोष्टी वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा कात्री नसलेले जंतू मरतात, कात्रीवाले उरतात आणि त्यांना जागा मोकळी होते. फक्त आजाराचेच नाहीत, आपल्या आतड्यात गुपचूप राहणारेही. म्हणून गरज नसताना घेतलेली प्रत्येक गोळी कात्रीवाल्यांच्या फायद्याची. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ दिसली, तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणायची नाही, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही नाहीत. आपण गटात पैसे वाटून घेतो, भाजी वाटून घेतो, अँटिबायोटिक मात्र वाटून घ्यायचं नाही. तिच्या जंतूकडे कोणती कात्री होती आणि तुमच्या जंतूकडे कोणती आहे, हे पाकीट बघून कळत नाही.

डॉक्टरांनी जेवढ्या वेळा आणि जेवढे दिवस सांगितलं, तेवढंच घ्यायचं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या नाहीत. फरक पडला नाही, तर स्वतः गोळी न बदलता डॉक्टरांकडे परत जायचं.

लघवीचा त्रास आपल्या बायकांना फार होतो आणि आपण तो लपवतो. पुन्हा पुन्हा होत असेल, तर गोळी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ‘लघवीची कल्चर तपासणी करायची का?’ त्या तपासणीत तुमचा जंतू वाढवून त्याच्यावर वेगवेगळी औषधं लावून बघतात. रिपोर्टमध्ये औषधाच्या नावापुढे ‘एस’ असेल तर औषध लागू पडतं, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. तो ‘आर’ बरेचदा आपल्या या कात्रीमुळेच आलेला असतो. रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी दाखवा. गरोदर बाईनं तर जळजळ अंगावर काढायचीच नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणी गोळ्यांचीच भीती घ्यायचं. खरी गरज असते तेव्हा हीच औषधं जीव वाचवतात. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालू लागला, तर एक तासही न थांबता दवाखाना गाठायचा. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर द्यायचं. आपण एरवी ही औषधं जपून वापरायची, ती या बाळासाठीच. त्या दिवशी त्याच्या जंतूकडे कात्री नसावी म्हणून.

आपल्यातल्या पुष्कळ जणींकडे गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आहेत. जनावराची कास सुजली की सडात ट्यूब सोडतात, त्यात बऱ्याचदा पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध असतं. पशुवैद्यकांना विचारा, किती दिवस दूध वापरायचं नाही, आणि तेवढे दिवस ते डेअरीला घालू नका. कोंबड्यांच्या खाद्यात ‘वाढीसाठी’ म्हणून औषध मिसळू नका. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचं राखीव औषध, म्हणून सरकारनं २०१९ मध्ये जनावरांत आणि कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला आहे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आजारच न होऊ देणं. साबणानं हात, शौचालयाचा वापर, शुद्ध केलेलं पाणी आणि बाळाच्या वेळच्या वेळी लसी. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आजार झाला नाही तर गोळी लागत नाही, आणि गोळी लागली नाही तर कात्रीवाल्यांना संधी मिळत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीनं घरातली उरलेली पाकिटं आणा, लाल रेघ कोणती ते एकमेकींना दाखवा, आणि आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावून त्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारा. आणि कुणी म्हणालं, ‘अंगाला सवय झालीय,’ तर तिला ही कात्रीची गोष्ट सांगा.